पुण्याचं नाव

मिठबावच्या रविकांतला विमान उडवता येत होतं, बोलता येत नव्हतं.

मासे विकणाऱ्या कृष्णाबाईचा हा एकुलता एक मुलगा १९६२ साली सरकारी शिष्यवृत्तीवर मुंबईच्या फ्लाइंग क्लबात दाखल झाला. हात इतका हलका, की शिक्षक खूश. रेडिओवर विमानतळाच्या टॉवरला हाक मारायची, विमानाचा नंबर सांगायचा, आपण कुठे आहोत ते सांगायचं आणि काय हवं ते मागायचं. धावपट्टीभोवती घिरट्या होत्या तोवर रविकांत हे घडाघडा म्हणे. मग पुण्याची फेरी आली. आता कुठे निघालो तेही सांगायचं होतं.

समुद्रावर निघालेल्याला आमच्याकडे कुठे चाललास असं विचारत नाहीत, आणि त्यानेही सांगायचं नसतं. सात वर्षांच्या रविकांतने होडी लोटणाऱ्या बापाला एकदा विचारलं. गुणाजी हसून म्हणाला, "देवगडाक." होडी परत आली नाही. कृष्णाबाई पोराला एवढंच म्हणाली, "इचारलंस कित्याक रे?" पुन्हा कधी नाही. पण एकदाच पुरे झालं.

रविकांत बी.एस्सी. झालेला. हे सगळं थोतांड आहे हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. कळून काय उपयोग? खोलीत तो 'पुण्याला निघालोय' हे वाक्य शंभरदा म्हणे. विमानात रेडिओचं बटण दाबलं की जीभ टाळ्याला चिकटे. टॉवर पुन्हा पुन्हा विचारी, शेजारी बसलेले शिक्षक ओरडत. तीनदा संधी मिळाली, तिन्ही वेळा विमान वळवून जागेवर आणावं लागलं. क्लबाने नाव काढून टाकलं. त्यांचं तरी काय चुकलं? मुक्या वैमानिकाला आकाशात कोण सोडील!

आईला खरं सांगितलं असतं, तर तिला आपले ते शब्द आठवले असते. म्हणून तो म्हणाला, "डोळे अधू निघाले."

कृष्णाबाई म्हणाली, "माझोच दोष रे झिला. ल्हानपणी तुका धड खावूक घातलंय नाय."

तो गावातल्या शाळेत गणित शिकवू लागला. ती रोज एका मोठ्या माशाचं डोकं, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी, त्याच्यासाठी राखून ठेवी. डोळ्यांना चांगलं म्हणून. सात वर्षं तो मान खाली घालून खात राहिला. त्याला त्या वासाचीही शिसारी आली होती.

एकोणसत्तर साली ती अंथरुणाला खिळली. एके सकाळी तिने हात त्याच्या तोंडासमोर धरला. "बोटां किती दिसतत रे?"

"सगळी दिसतत, आये."

तिचा चेहरा उजळला. "मगे जा मुंबैक परत," ती म्हणाली. "आता तुका कोण नाय म्हणूचो नाय."