दर वर्षी एक वीत

आम्ही हरायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको.

आमच्या फुटबॉलच्या संघाला स्वतःचं मैदान नव्हतं. लोणावळ्यात सपाट जागा मिळाली तर ती रेल्वेला, नाहीतर साहेबांच्या बंगल्यांना. आमच्या वाट्याला आलं माझं भातखाचर आणि त्याला लागून असलेलं माझ्या थोरल्या चुलतभावाचं, म्हणजे भाऊचं, खाचर. एकेकटं खाचर खेळायला अपुरं पडे. म्हणून भाताची झोडणी आटोपली की आम्ही मधला बांध फोडून जमीन सारखी करायचो आणि चैत्र सरता सरता तो पुन्हा जिथल्या तिथे घालून द्यायचो. बांध घालताना जांभळीच्या बुंध्यापासून हद्दीच्या दगडापर्यंत दोरी ताणायची, हा आमचा पहिला नियम. खेळाचे नियम त्याच्यानंतर.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. तेव्हापासून मी या संघात. आम्ही अनवाणी खेळायचो. भाताची धसकटं लागून तळपाय सोलून निघत, आणि समोरच्यांच्या पायात बूट. रेल्वेच्या संघाने एकदा मला बोलावलं. शेडमध्ये नोकरी, वर बूट फुकट. आमच्यातले काहीजण गेले. मी गेलो नाही. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय. फिरलं तर फिरलं. ज्या पोरांनी माझ्या पायातले काटे काढले त्यांच्यावरच मी गोल चढवू?

एका वर्षी मात्र नवल झालं. आमचा कप्तान म्हणजे बाजारातल्या मुसलमान किराणावाल्याचा मुलगा, अंगाने काटकुळा पण पायाने वस्ताद. त्याने खंडाळ्याच्या गोऱ्या शिपायांवर गोल केला आणि आम्ही चक्क जिंकलो. गुलाल उधळला, ताशे वाजले. ती धुंदी पुढे कितीतरी दिवस उतरली नाही. त्या धुंदीतच आम्ही बांध घातला, दोरी न ताणता, नुसत्या नजरेने.

बांध वीतभर भाऊच्या खाचरात गेला.

वीतभर म्हणजे काय मोठंसं, असं बाहेरचा माणूस म्हणेल. आमच्या मावळात बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला जात नाहीत. भाऊने आरडाओरडा केला नाही. त्याने दोरी आणून मापलं, माझ्याकडे पाहिलं आणि यापुढे बांधाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. आम्ही त्याच दिवशी बांध दुरुस्त करून दिला, पण त्याचा राग काही गेला नाही. मैदान गेलं म्हणजे संघ गेला, हे लहान पोरालाही कळत होतं.

भात निघाल्यावर मी त्याच्या दारात गेलो. तो ओट्यावर बसून वाखाचा सोल वळत होता. हात न थांबवता म्हणाला, "बांध फोडायचा तर फोड. पन घालताना दर वर्साला एक वीत तुज्या अंगाला सरकवायचा. हाय कबूल?"

मी नाही म्हणणार अशी त्याची खात्री होती. शेतकऱ्याच्या पोटचा कोणी याला हो म्हणेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसणार. मी कबूल म्हणालो. त्याच्या हातातला सोल थांबला.

गाव पोट धरून हसलं. चेंडूला जमीन चारणारा म्हणून लोक मला बोट दाखवू लागले. बायकोने अबोला धरला, आणि तो सुटला तेव्हा मला अबोलाच बरा वाटला. तिचं चुकत नव्हतं. रोपं लावायला वाकायची तीच, आणि दर पावसाळ्यात ओळी कमी भरताना तिलाच दिसायच्या. पण मी बधलो नाही.

दुसरं युद्ध आलं आणि आमची पुरती वाताहत झाली. कप्तान देहूरोडच्या डेपोत लागला, रविवारच्या गाडीने खेळायला येई. बाकीचे कुठे कुठे पांगले. माझा गुडघा गेला होता, तरी माणूस नाही म्हणून मी गोलात उभा राहायचो. चेंडू माझ्या डाव्या अंगाने जायचे, उजव्या अंगाने जायचे, कधी दोन पायांमधूनही जायचे. भाऊ जांभळीखाली बसून प्रत्येक सामना बघायचा. आमचा संघ कधी मोडतो याची तो वाट बघत होता, हे मला ठाऊक होतं.

अशाच एका चैत्रात बांध घालायला कोणीच उरलं नव्हतं. मी एकटाच कुदळ घेऊन गेलो. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर बायको घमेलं घेऊन आलेली. ती माती भरू लागली. तेवढ्यात भाऊ आला आणि जांभळीला टेकून उभा राहिला.

"आरं, जिंकत तर कंदी न्हाईस," तो म्हणाला. "कशापायी जमीन घालवतोस?"

"रेल्वेवाले जिंकत्यात की. त्यांच्यामागं जायला लय मान्सं हायेत, भाऊ. आमच्यामागं मी हाय."

"अन् समदं खाचर माज्याकडं आल्यावर?"

मी खाली मान घालून दोरी ताणू लागलो. तेव्हा बायकोने घमेलं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिने थोरल्या दिरासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. तिने पदर नीट डोक्यावर घेतला.

"बांध कुटंबी घाला, भाऊ," ती म्हणाली. "फोडला की मैदान तेवढंच ऱ्हातंय."

मग तिने माझ्या हातातली दोरीची खुंटी घेतली, ठरल्या वितीएवढी जागा मापली, त्यापुढे आणखी चार बोटं ती आमच्याच खाचरात सरकवली आणि दगडाने ठोकली.