आधी ‘ळ’ म्हणायला शिका

“आधी ळ म्हणायला शिका. मग कायद्याला हात लावा.”

जळगावच्या कोर्टातली बार रूम. दुपारची सुट्टी. भरल्या खोलीत हे वाक्य माझ्या तोंडावर मारलं गेलं. मारणारे वकीलसाहेब वयाने मोठे, मानाने मोठे. निकालांचे जाडजूड खंड ज्या कपाटात असत, त्याची किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात. मी एवढंच म्हणाले होते, “साहेब, वेय नाही माझ्याकडे. किल्ली द्या.” म्हणायचं होतं वेळ. धुळ्याच्या लॉ कॉलेजात घासूनपुसून घालवलेला, ‘ळ’च्या जागी येणारा खानदेशी य घाईत नेमका जिभेवर आला.

खोली हसली. मागून कुणीतरी आवाज काढला, “केयी घ्या, केयी.” हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आया घरी जयगावच म्हणत होत्या. पण त्यांचा य गावाकडचा, कौतुकाचा. माझा य मांगवाड्यातला. ओरडावंसं वाटत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

बाहेर पायरीवर जनाअक्का बसली होती. पहूरकडची, आमच्यातलीच. तिचा पोरगा काळू केळीच्या बागेत मजुरीला होता. विहिरीवरची मोटार चोरीला गेली, मालकाने बोट दाखवलं आणि पोलिसांनी त्याला उचललं. नोंद नाही, कोर्टासमोर उभं करणं नाही. मी मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज केला की, माणूस बेकायदा डांबलाय, शोधायला लावा. पोलिसांचं लेखी उत्तर आलं, ‘काळू नावाचा इसम आमच्या ताब्यात नाही.’

अक्का ठाण्याच्या मागच्या भिंतीला कान लावून बसून आली होती. मला म्हणाली, “मी त्याना आवाज ऐका, ताई. मना पोऱ्या आत शे. आज जित्ता शे.”

त्या ‘आज’चा अर्थ मला कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी. पोलिसांनी माणूस धरला की तिथल्या तिथे कागद करायचा, साक्षीदाराची सही घ्यायची, घरच्यांना कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, हे मी पेपरात वाचलं होतं. मॅजिस्ट्रेट म्हणाले होते, पेपर नको, निकाल दाखवा. निकाल कपाटात. किल्ली साहेबांच्या खिशात. आणि केळीबागेचा मालक साहेबांचाच पक्षकार. तेव्हा माझा ळ हे नुसतं निमित्त होतं.

मी धुळ्याला मैत्रिणीला फोन लावला. ती तिथे वकिली करायची. म्हणाली, अगं, कपाटाच्या पाया कसली पडतेस, सरकारने निकाल इंटरनेटवर टाकलेत, कुणीही बघावेत, फुकट.

स्टँडजवळ एका एसटीडी बूथवाल्याने नुकतंच कॉम्प्युटर आणून सायबर कॅफेची पाटी लावली होती. आत सगळे टवाळखोर. नववारीतली अक्का आणि काळ्या कोटातली मी शिरलो, तसे गप्प झाले. मॉडेम किरकिरलं. पान ओळीओळीने उतरायचं आणि मध्येच लाइन तुटायची, की पुन्हा पहिल्यापासून. अक्का पडद्याकडे टक लावून होती. तिला वाटत होतं, त्यात पोरगा दिसेल.

मी अक्षरं शोधत टाइप करत होते. कीबोर्डवर ळ नव्हताच, सगळी इंग्रजी अक्षरं. जळगाव लिहा की जयगाव म्हणा, त्या यंत्राला सोयरसुतक नव्हतं. तू कुणाची, कुठली, हे त्याने विचारलं नाही. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. अक्काने ठाण्यात नाव सांगितलं असणार कायू. अर्जात ते शुद्ध करून मी लिहिलं काळू. पोलिसांना आयतीच पळवाट. काळू नावाचा कुणी नाही.

निकाल सापडला. प्रिंटर करकरत राहिला.

सकाळी कोर्टात मी आधी नाव दुरुस्त करून मागितलं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, काय लिहायचं? मी मोठ्याने म्हणाले, “कायू. त्याची आई हाक मारते ते नाव.” मागे खसखस पिकली. पिकू दिली.

मग निकालाचा कागद दिला. साहेबांचं काम नसताना ते उठले. हा सायबर कॅफेतला कागद, म्हणाले, तिथे पोरं सिनेमाच्या नट्या बघतात, कोर्टाने यावर विश्वास ठेवायचा? मॅजिस्ट्रेटनी माझ्याकडे पाहिलं. मूळ खंड कुठे आहे?

“बार रूमच्या कपाटात आहे, सर. खंड आणि पान कागदावर छापलंय. किल्ली वकीलसाहेबांच्या खिशात आहे.”

साहेबांनी खिशात हात घालायला फार वेळ लावला. शिपाई खंड घेऊन आला. शब्दाला शब्द जुळला. मॅजिस्ट्रेटनी ठाण्याच्या झडतीचा हुकूम काढला.

कोर्टाच्या माणसासोबत आम्ही ठाण्यात गेलो. ठाणेदार खुर्चीतून उठला नाही. शोधा, म्हणाला. कोठडी रिकामी होती. धुतलेली होती. फरशी अजून ओली होती. अक्का मात्र सरळ मागच्या अंगणात गेली आणि तिने हाक मारली.

“कायूऽ”

जप्त सायकलींच्या पत्र्याच्या शेडमधून उत्तर आलं. “माय.”

तो जिवंत होता. उभा राहू शकत नव्हता. त्याचे तळपाय मी पाहिले. ते कसे होते ते मी लिहिणार नाही, फिर्यादीत लिहिलंय. अक्काने ते मांडीवर घेतले. रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, बठ्ठं लिख.” सगळं, काही न सोडता.

ठाणेदाराचं तेव्हा काहीच वाकडं झालं नाही. खुर्ची तीच, माणूस तोच. कायूला दवाखान्यात पोचवून मी परत आले तेव्हा साहेब कोर्टाच्या फाटकात उभे होते. ळ सकट स्वच्छ मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, पहूरच्या रस्त्याने संध्याकाळी एकट्या जात जाऊ नका.”

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण बार रूममध्ये गेला होता तसा आवाज गेला नाही. मी म्हणाले, “उद्याच जायचंय, साहेब. जबाब घ्यायचेत. वेय नाही मला.”

या वेळी य चुकून आला नव्हता.

किल्ली पुन्हा कुणाकडे मागायची नाही, हे तिथेच ठरलं. माझी माणसं जसं बोलतील तसंच कागदावर जाईल, हेही ठरलं. शुद्ध करून त्यांना मी गायब होऊ देणार नाही. त्याच संध्याकाळी ठाणेदाराविरुद्धची फिर्याद लिहायला घेतली. पहिल्या ओळीत जखमीचं नाव घातलं. कायू.