जाड शिवण

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांत उरणाऱ्या तुकड्यांच्या पिशव्या शिवायचा धंदा मी बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या माझ्या घरात सुरू केला. शेजारीण माझ्याकडे शिवण शिकायला आली, तेव्हा तिला सुईत दोरा ओवतानाही घाम फुटायचा. पण बोलण्यात पटाईत. इंग्रजी तर अशी फाडफाड, की मी बघतच राहायचे. दोघींनी मिळून धंदा करायचं ठरवलं. शिवण माझी, बोलणं तिचं, मालकी दोघींची. मला ताई म्हणायची. मी तिला धाकटी बहीणच समजत होते. आज हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

समाजाचं भलं करणाऱ्या छोट्या उद्योगांत पैसे गुंतवणारी एक संस्था तिनेच शोधून काढली. मुंबईला जाऊन त्यांना धंदा समजावून सांगायचा होता. मी ठेवणीतली साडी नेसले. मालकीण म्हणून जायचं तर नीट दिसायला नको?

तिथे पडद्यावर माझा फोटो आला. जुन्या गाउनमधला, घामाघूम. कधी काढला होता कोण जाणे. ती म्हणाली, "इनके पति ने इन्हें छोड़ दिया था. मैंने इन्हें हाथ पकड़कर सिलाई सिखाई." सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. माझा नवरा त्या वेळी अंबरनाथच्या कारखान्यात ड्युटीवर होता. संध्याकाळी घरी येऊन नेहमीसारखी माझ्या चहाला नावं ठेवणार होता.

बाहेर आल्याआल्या मी तिला फैलावर घेतलं.

"अगं ताई, त्यांना अशीच स्टोरी लागते," ती म्हणाली. "कोणाचं तरी भलं झालेलं दाखवावं लागतं ना."

म्हणजे भलं करणारी ती आणि भलं झालेली मी! पैसे मंजूर झाले ते तिच्या एकटीच्या नावावर. नव्या मशीन आल्या, गल्लीतल्या बायकांना काम मिळालं, त्यांना मीच शिकवलं. पण मनात पक्कं केलं होतं, संस्थेची माणसं बघायला आली की धंदा कोणाचा ते सगळ्यांसमोर सांगायचं.

ती माणसं आली. त्यातल्या एका मॅडमना शेजारणीचा शिवतानाचा व्हिडिओ हवा होता. ती ऐटीत मशीनवर बसली आणि पिशवीच्या पट्ट्याच्या जोडावर अडकली. तिथे कापडाचे चार थर येतात. मोटर चालवली तर सुई मोडते, चाक हाताने फिरवावं लागतं. हे तिला शंभरदा सांगितलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि सवयीने माझा हात पुढे गेला. मी हळूहळू चाक फिरवून जोड पार करून दिला. आता बोलायचं, म्हणून मी मान वर केली.

"वाह!" मॅडम तिला म्हणाल्या. "कितना अच्छा सिखाया है आपने इनको!"

ती लाजून हसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्यांच्याबरोबर, मशीनवर बसलेल्या माझ्या बायकांनीही.