लिंकनच्या चढावरच्या आठ पोळ्या

आधी कबूल करून टाकते... या ग्रुपवर मी इतकी वर्षं येते ती फक्त लोकांच्या अनुभवांतल्या फटी शोधायला. सॉफ्टवेअर टेस्टर आहे, खोड जात नाही. कुणी लिहिलं की पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की खाली माझी कमेंट ठरलेली – चष्मा लावला होता का? तर आज माझी पाळी. विचारा काय विचारायचं ते!

आम्ही लंडनच्या कडेला पिनरला राहतो. गेल्या मे महिन्यात एस्तेरमावशी आठवडाभर माझ्याकडे होत्या. मावशी म्हणजे ठाण्याला आईच्या शेजारी चाळीस वर्षं राहिलेल्या, बेने इस्राएली – आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. वय एकोणऐंशी, गुडघे कुरकुरणारे, जीभ तिखट. त्यांची नात ब्रिस्टलला इंजिनियर, पण तिला रजा मिळेना, म्हणून लिंकन दाखवायचं काम माझ्याकडे आलं. लिंकन या इथल्या जुन्या गावात एका उभ्या चढावर आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीचं ज्यूंचं दगडी घर आहे. मावशींचे यजमान इतिहासाचे मास्तर. त्यांना ते घर बघायचं होतं, राहून गेलं. आता ते नाहीत, तर मावशींना त्यांच्या वतीने त्या भिंतीला हात लावायचा होता.

प्रश्न होता जेवणाचा. मावशी कडक कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम, पाळतात. मांस फक्त त्यांच्या खाटकाकडचं, आणि मांसाबरोबर दुधाचं काही म्हणजे काही नाही. आई सांगायची, या बाईने आजारपणात, प्रवासात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा नियम एकदासुद्धा मोडलेला नाही. माझ्याकडे येतानाही स्वतःचं पातेलं आणि तवा घेऊन आल्या होत्या. एजवेअरच्या ज्यू खाटकाकडून कोशर चिकन आणलं, आदल्या दिवशी मावशींनी ते नारळाच्या दुधात केलं (ते दूध चालतं, झाडाचं). काय वास सुटला होता, शेजारची गोरी आजी कुंपणावरून विचारायला आली!

पोळ्या माझ्याकडे. मावशी म्हणाल्या, "तूप नको हं, तेलच लाव."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पाहुणा 'नको' म्हणाला की आपण काय करतो? वाढतो! मला वाटलं भिडस्तपणा आहे, नाहीतर कोलेस्टेरॉल. पहाटे पाचला उठून त्यांच्याच तव्यावर आठ पोळ्या केल्या आणि घरच्या साजूक तुपाने अशा माखल्या की फॉइलला डाग पडले. दूध नाही, दही नाही, चीज नाही – सगळं पाठ होतं मला. पण तूप म्हणजे दूधच, हे डोक्यात शिरलंच नाही. आमच्या घरी तूप म्हणजे फक्त माया.

तीन तास गाडी चालवून लिंकनला पोचलो. लख्ख ऊन, पण वारा झोंबरा. चढ इतका उभा की लोक कठडा धरून चढतात. त्या दगडी घराशी मावशी थांबल्या, कमानीशेजारच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, पोचले बरं का." मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या, "चल, भूक लागली."

थोडं वर एका बाकावर बसलो. बॅग माझ्या मांडीवर, चेन बंद. हे नीट वाचा – चेन बंद! आत एका डब्यात चिकन, फॉइलमध्ये पोळ्या.

तेवढ्यात खालून एक म्हातारा आला. तपकिरी कोट, कानांवर पांढरे केस, चढ चढूनही दम लागलेला नाही. आमच्यापुढे थांबला आणि हसत इंग्रजीत म्हणाला, "तुमच्याकडे आठ रोट्या आहेत ना? सगळ्या मला द्याल का? खूप लांबून आलोय."

मी उडालेच. आठ हा आकडा मी मावशींनासुद्धा सांगितला नव्हता. "सॉरी, हे आमचं लंच आहे..." असं मी म्हणतेय तोवर मावशींनी कोपराने ढोसलं.

"दे गं. मागतोय ना तो?"

"सगळ्या कशाला, मावशी? दोन देते."

"सगळ्या दे म्हटलं ना!"

दिल्या. त्याने तिथेच उभ्याने एक गुंडाळी करून खाल्ली, अगदी डोळे मिटून. मला वाईट वाटलं, म्हटलं डब्यातलंही थोडं घ्या. त्यावर तो मान हलवून म्हणाला, "नो नो, ते त्यांचं." आणि जाताना माझ्याकडे किंचित वाकून – "या चिकनबरोबर चालल्या नसत्या, लव्ह."

गायबबियब काही झाला नाही. निवांत चालत वर गेला, उरलेल्या पोळ्या काखेत. वळणापर्यंत मी बघत होते.

मी मावशींना विचारलं, "चिकनबरोबर पोळी चालत नाही का तुम्हाला?"

"चालते की. तेलाची."

तूप म्हणजे दूधच की! एकोणऐंशी वर्षांचा नियम मी माझ्या हाताने मोडायला निघाले होते! तिथे बाकावरच रडायला लागले. "मावशी, मी तूप लावलं होतं हो... भरपूर..."

"माहितेय. तीन तास गाडीत घमघमाट सुटला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? पहाटे पाचला तुझं लाटणं ऐकलं मी. पिनरपासून इथपर्यंत देवाला एवढंच म्हणत होते, की बाबा, या पोरीचं मन मी मोडणार नाही, बाकी तू बघ." मग डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या, "आता डोळे पूस आणि चमचा दे. नुसतं खाऊ."

खाल्लं. इतकं चविष्ट चिकन मी जन्मात खाल्लेलं नाही. घरी आल्यावर मावशींनी पोहे भिजवले, खोबरं आणि साखर घालून, वर फळं ठेवून मलिदा केला. त्यांच्यात एलियाहू हनाबी नावाच्या पैगंबरांच्या नावाने करतात, नवस फेडायला; ते अनोळखी माणसाच्या रूपात येऊन अडचणीतून सोडवतात म्हणे. कोण होता तो, असं मी दहादा विचारलं. मावशी म्हणाल्या, "भुकेला होता. मलिदा घे."

मी टेस्टरच्या डोक्याने सगळं तपासलं. तुपाचा वास आला असेल? त्या वाऱ्यात, बंद बॅगेतून? समजा आला. चिकनचं कसं कळलं? आणि आठ? नाही बसत. तुम्हाला काही सुचलं तर खाली लिहा, मी चिडणार नाही.

तो कोण होता, मला आजही माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की तो आला नसता तर मावशींनी ती पोळी खाल्ली असती... आणि मला कधीच कळू दिलं नसतं.