स्क्रीनवरचा नंबर

ये गो भाचे, बस जवळ. तुझं रोहा काय परदेशात हाय, की मावशीकडे यायला सवड मिळू नये? आज कारखान्यात गणपतींना रंग लागला आणि त्या वासाने तू आलीस तो दिवस आठवला. सून आत मूर्तींचे डोळे आखत होती, आणि डोळे आखणाऱ्याला आपल्यात कोणी हाक मारत नाय. इकडे मी कंपुटरवर मखराची चित्रं शोधत होते, तर तो एकदम किंचाळायला लागला: व्हायरस आलाय, सगळं पुसलं जाईल, या नंबरवर फोन करा. तुझ्या गेलेल्या काकांनी घडवलेल्या मूर्तींचे फोटो त्यातच. विचारू कोणाला? लावला फोन. पलीकडचा माणूस गोड बोलून काहीतरी डाउनलोड करायला सांगत होता, तेवढ्यात तू पिशवी खांद्याला तशीच ठेवून आलीस आणि माझ्या हातातला फोन घेऊन कट केलास. "मावशी, खरा कंपुटर असा नंबर देत नाय गो. ब्राउझरचं नुसतं पान हाय, बंद केलं की गेलं." आणि गेलंच, फोटो जागेवर. मग म्हणालीस, "अपडेट करू का म्हणून कंपुटर रोज विचारतो, तू काय सांगतेस?" म्हटलं, "नंतर ये." किती हसलीस. आता त्याने विचारलं की मी व्हय म्हणते आणि चहा ठेवते. काकांच्या मूर्तींचे फोटो तुझ्यामुळे राहिले गो. चल, दोघी मिळून बघू.