पोट आत, खांदे वर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला सांगून कळणार नाही, आणि जिला कळेल तिला सांगायची हिंमत — ती माझ्यात नाही.

मी नांदेडला बी.ए. करते. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. हदगावकडच्या आमच्या गावात चांगलं गाणं म्हणजे भोंग्याशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज. मलाही तेवढंच ठाऊक होतं. वसतिगृहात माझ्या खोलीत बिलोलीची रेखा होती. ती माझ्यापेक्षा चांगली गायची. हे वाक्य लिहायलाही मला वेळ लागला.

युवक महोत्सव लातूरला होता. एकल गायनाला आमच्यातली एकच जाणार होती. निवडीआधी दोन दिवसांसाठी बाहेरून एक सर शिकवायला आले. त्यांनी आम्हाला सतरंजीवर निजवलं, पोटावर हात ठेवायला लावला. श्वास घेताना पोट वर आलं पाहिजे, खांदे हलायला नकोत, गाताना श्वास पुरवून वापरायचा. रेखा तेव्हा सोयाबीन काढायला गावी गेली होती. परतल्या परतल्या तिने विचारलं, "काय शिकवले गं सर?"

मी म्हणाले — पोट आत ओढायचं, छाती फुगवायची, खांदे वर.

चुकून नाही. बरोबर काय ते मला पाठ होतं.

ती रोज पहाटे गच्चीवर तसंच करत राहिली. मी शेजारी उभी असायचे. एकदा तरी थांबवता आलं नसतं का? निवडीच्या दिवशी वरच्या 'सा'ला तिचा आवाज फाटला. निवड माझी झाली. लातूरला निघाले तेव्हा ती मला स्टँडवर सोडायला आली, म्हणाली, "माझा गळाच तसला हाय. तू तर समदं सांगितलीस. आता तिथं जाऊन भिऊ नको, न्हाई तर मी उगंच हारले म्हन."

आता ती गावी परतलीय, तिथल्या पोरींना भजन शिकवते. फोनवर तिचा आवाज नेहमी बसलेला. हळद घालून दूध घेते म्हणते. खरी पद्धत आज सांगितली, तर ती विचारेलच — मग तेव्हा? म्हणून मी फक्त म्हणते, काळजी घे.

परवा तिने व्हिडिओ पाठवला. ओळीने बसलेल्या पोरी, सगळ्यांचे खांदे कानांपर्यंत, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. खाली लिहिलं होतं, 'ह्या तुझ्याच पोरी.'

मी 'छान' लिहून पाठवलं.