चकचकीत मूठ

अशी कल्पना करा, की तुमच्या हातात अक्रोडाच्या लाकडाची एक सुरीची मूठ आहे. कानशीनं आकार देऊन झालाय. आता जाडा पॉलिश पेपर घ्या आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच घासा, आडवं नाही. मग बारीक पेपर, मग त्याहून बारीक. हाताला गुळगुळीत लागायला लागलं, की ओल्या फडक्यानं पुसा. मघाशी आडवे झालेले लाकडाचे तंतू पाणी लागताच पुन्हा उभे राहतील, दाढीच्या खुंटांसारखे. वाळू द्या, पुन्हा घासा. तंतू उठायचे थांबले, की जवसाच्या तेलाचा पातळ हात. ते मुरलं, सुकलं, की दुसरा. शेवटी मेण, आणि मोटरवर फिरणारं कापडी चाक. एवढं करून त्या मुठीत तुम्हाला स्वतःच्या नाकाचा शेंडा दिसला, तर समजा निम्मं काम झालं.

निम्मं, कारण आरसा तिथं थांबत नसे. आरसा हे त्याचं नाव नव्हे, पण गल्लीत खरं नाव कुणाला आठवतही नव्हतं. लाकूड असो, हाड असो की शिंग, त्याच्या हातून गेलेल्या मुठीत तोंड बघून भांग पाडावा अशी चकाकी. शिंग घासताना जळक्या केसांसारखा वास सुटे, तेव्हा बायको आतून ओरडे, "अहो, आज कुणाचं टक्कल करताय?" आरसा खूश होई. कोपऱ्यावरचा खाटीक तर त्याच्याकडून घेतलेल्या सुरीच्या मुठीला कायम फडकं गुंडाळून ठेवी. "बघ, माझी चकाकी कशी जपतो तो," असं आरसा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

त्या दिवशी तो लेकीच्या सुरीला शेवटचा हात मारून उठला होता. लेक दुसऱ्या दिवसापासून एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागणार होती. मोठमोठी पातेली, भाज्यांचे ढीग, दिवसभर हात पाण्यात. बापाची सुरी घेऊन जाणार म्हणून आरशानं जीव ओतला होता. सुरी घरात ठेवून तो दुसऱ्या कामाला बसला आणि वीज गेली. चाक थांबलं. कारखाना म्हणजे घरामागची एक खोलीच; तिथं एकदम शांतता झाली आणि परसातून आवाज आला. खर्र, खर्र.

घासण्याचा कुठलाही आवाज आरसा डोळे मिटून ओळखे. हा पेपर नव्हता. दगड होता. दगडावर लाकूड.

तो बाहेर आला. बायको धुण्याच्या दगडाशी बसली होती. पात्याला फडकं गुंडाळून ती लेकीच्या सुरीची मूठ दगडावर घासत होती.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

बायको दचकली. "तुम्ही आत होतात ना?"

"वीज गेली."

"मेलीला आत्ताच जायचं होतं!"

आरशानं सुरी हिसकावून घेतली. नाकाचा शेंडा गेला होता. मूठ मंद, निस्तेज, राखेसारखी. तेवढ्यात कुंपणापलीकडून शिंपीणकाकूंचा आवाज आला, "वहिनी, माझी सुरी घासून झाली का गं? तुमच्या आरशाला नाही ना कळलं?" मागोमाग काकूंचं डोकं वर आलं, आरसा दिसला आणि डोकं तसंच खाली गेलं.

"त्यांचीसुद्धा?" आरशानं विचारलं.

"सगळ्या गल्लीची," बायको म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं त्याच्या तळहातांवर साबणाचं पाणी ओतलं, कारखान्यातली एक नवी चकचकीत सुरी आणून हातात दिली आणि पुढ्यात बटाटा ठेवला. "कापा."

आरशानं दाबलं. मूठ मुठीतल्या मुठीत माशासारखी फिरली आणि पातं अंगठ्याकडे वळलं. बायकोनं मनगट धरलं म्हणून वाचला. मग तिनं लेकीची घासलेली सुरी दिली. ती हलली नाही. आरशानं पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. हलतच नव्हती.

"कधीपासून चाललंय हे?"

"लग्नानंतर पहिली सुरी दिलीत ना, तेव्हापासून."

त्या सुरीची मूठ वापरून वापरून मंद होते असं आरसा समजत होता. दर वर्षी कौतुकानं तिला नवी चकाकी चढवत होता. आणि दर वर्षी ही बाई ती दगडावर उतरवत होती!

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चकाकी चढवून सुरी हातात द्यायचात, तेव्हा तुमचं तोंड कसं व्हायचं ते तुम्ही कुठं बघितलंय? बोलवतंय होय मला!"

संध्याकाळी आरसा खिडकीशी लेकीची सुरी घेऊन बसला. दगडाचे ओरखडे त्यानं मधल्या पेपरनं काढले. हात सवयीनं बारीक पेपरकडे गेला; त्यानं तो मागे घेतला. तेलाचा एक हात दिला, जास्तीचं लगेच पुसून काढलं. मेण नाही, चाक नाही. लेक आली, मूठ धरली, बोटं फिरवली. "वा! या वेळी आईनं छान घासलीय हां."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

"मी घासलीय," आरसा म्हणाला. लेक बघतच राहिली. मग तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली आणि पदर तोंडाला लावला. हसू की रडू, कळेना.

लेकीचा पहिला दिवस धड पार पडला. हात शाबूत, सुरी शाबूत. आरसा मात्र अजून सावरलेला नाही. कोपऱ्यावरून जाताना त्याची पावलं खाटकाच्या दुकानापाशी अडखळतात. खाटीक हात हलवतो, "काय आरसेभाऊ, कसं काय?" आरसा "बरं चाललंय" म्हणतो, पण नजर मात्र त्याच्या ओल्या पंजातल्या सुरीवर खिळलेली असते. विचारायचं असतं एवढंच, आणि रोज ते ओठांवरून परत फिरतं: भाऊ, खरं सांग, मुठीला ते फडकं तू कशासाठी गुंडाळतोस?